उष्णता जाते कुठे?

दरवर्षीप्रमाणे यंदाही गणपतीच्या दोन महिने आधी फोन आला. "काका, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या. विषय तुमच्या आवडीचा. फक्त प्रवासवर्णन नको, तीन आधीच आली आहेत." मी म्हटलं, बाबा रे, मला माझ्या धंद्यापलीकडे काही येत नाही. "मग धंद्यावरच लिहा की," असं म्हणून त्यानं फोन ठेवूनसुद्धा दिला.

आता माझा धंदा म्हणजे लॅगिंग. पाइप, टाक्या, बॉयलर ह्यांना उष्णतारोधक आवरणं घालायची. आमच्या घरी ह्याला "गोधड्या शिवणं" म्हणतात आणि ते फारसं चूक नाही. गरम वस्तूची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून गोधडी, आणि थंड वस्तूत बाहेरची उष्णता शिरू नये म्हणूनही गोधडीच. बर्फ गोणपाटात गुंडाळणाऱ्या बर्फवाल्याला हे विज्ञान आमच्या आधीपासून ठाऊक होतं. ह्या विषयावर स्मरणिकेत कोण काय वाचणार, असं मलाही वाटलं होतं. पण गेली काही महिने ह्याच धंद्यातला एक प्रश्न मला झोपू देत नाहीये. तो तांत्रिक नाही. म्हणून म्हटलं, आपल्याच माणसांपुढे मांडावा.

मी दोह्यात आलो २००१ साली. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे ६०० पटींनी कमी होतं, मग तो जहाजात भरून कुठेही नेता येतो. ह्या एका गोष्टीनं ह्या देशाचं नशीब पालटलं. रास लफानहून पहिलं जहाज १९९६ च्या डिसेंबरात जपानकडे निघालं. २००४ मध्ये गुजरातेत दहेजला इथला वायू पोहोचू लागला. ह्या सगळ्या उद्योगात माझं काम एवढंच, की बाहेर ४५ अंश आणि आत उणे १६२. मधला २०७ अंशांचा फरक वीतभर जाडीच्या आवरणानं सांभाळायचा.

सांभाळायचा म्हणजे थांबवायचा नव्हे. आवरण कितीही उत्तम असो, उष्णता आत शिरतेच. जहाजाच्या टाकीतला थोडा द्रव रोज उकळून वायू होतो. त्याला बॉइल-ऑफ म्हणतात. बऱ्याच जहाजांवर तो इंजिनात जाळतात, फार मोठ्या काही जहाजांवर त्याचा परत द्रव करण्याचं यंत्रच बसवलेलं असतं. म्हणजे आम्ही इन्सुलेशनवाले उष्णतेला अडवत नाही, फक्त उशीर करायला लावतो. सरकारी कार्यालयातल्या कारकुनासारखं. (ह्या वाक्यावर घरातून आक्षेप आला आहे, कारण सासरे सरकारी कार्यालयातूनच निवृत्त झाले.)

गेल्या हिवाळ्यात लेक सुट्टीवर आली. जन्म इथला, शाळा इथलीच भारतीय, आता अमेरिकेत पदार्थविज्ञानात संशोधन करते. विषय काय, तर अतिपातळ थरांमधून उष्णता कशी वाहते. लोक म्हणतात मुलं आईबापांचं ऐकत नाहीत. हिनं माझी गोधडीच पुढे चालवली आहे, फक्त तिची गोधडी डोळ्यांना दिसत नाही. आईनं तिच्यासाठी चिरोटे केले होते. त्यातला एक हातात घेऊन तिनं मला दोन तास शिकवलं. जेवढं समजलं तेवढं सांगतो.

शिसपेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट. ते चिरोट्यासारखंच पापुद्र्यांचं असतं. प्रत्येक पापुद्रा एका अणूच्या जाडीचा. पापुद्र्यातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण एका पापुद्र्याचा दुसऱ्याशी संबंध अगदी सैल. म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव ह्यांनी चिकटपट्टी लावून असा एकच पापुद्रा वेगळा काढला. त्याला ग्राफीन म्हणतात. २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यानंतर अशा पापुद्र्यांच्या अनेक पदार्थांवर काम सुरू झालं. त्यातला एक आहे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. हे नाव ऐकून मी उडालोच, कारण ते आमचं काळं मॉली ग्रीस! माझे कितीतरी शर्ट त्यानं कायमचे बाद केलेत. थर एकमेकांवरून घसरतात म्हणूनच ते वंगण म्हणून चालतं. त्याचा एक थर एका मिलिमीटरच्या सुमारे पंधरा लाखाव्या भागाइतका जाड असतो.

अशा पदार्थांत उष्णता म्हणजे मुख्यतः अणूंची थरथर. ती पापुद्र्याच्या आडव्या दिशेनं भराभर पसरते. एका पापुद्र्यातून वरच्या पापुद्र्यात मात्र सहजी जात नाही, कारण मधला धागाच सैल. ग्राफाइटमध्ये ह्या दोन दिशांमधला फरक काही शे पटींचा आहे. २०२१ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या जिवूंग पार्क ह्यांच्या गटानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यावर कडी केली. त्यांनी मॉलीचे थर एकावर एक रचले, पण प्रत्येक थर वेगळ्या कोनात फिरवून. आपल्या मंडळाची दोन लेझीम पथकं शेजारी उभी केली आणि प्रत्येकाला वेगळी हलगी दिली, तर पथकाच्या आत ताल जमतो, पण एका पथकाचा ताल दुसऱ्यात शिरत नाही. तसंच. उष्णता थराच्या आत जेवढी सहज वाहते आणि आरपार जितकी कशीबशी जाते, त्यातला फरक जवळपास ९०० पटींवर गेला. आडवी जाताना तो पदार्थ साधारण पोलादासारखा वागतो. आरपार जायचं म्हटलं की लाकडापेक्षा चिवट, थर्मोकोलच्या पंगतीला जाऊन बसणारा. मी आयुष्यभर वीतभर फोम लावला, आणि इथे डोळ्यांना न दिसणाऱ्या थरांची ही करामत.

त्याआधी २०१९ मध्ये स्टॅनफर्डमध्ये वेगवेगळ्या पदार्थांचे तीन-चार पापुद्रे एकावर एक ठेवून पाहिले होते. सगळ्यांची मिळून जाडी दोन नॅनोमीटरच्याही आत, पण उष्णता अडवायला ते शंभरपट जाड काचेच्या थराला भारी. रेडिओ स्टुडिओच्या खिडकीला जाड काचांचे थर असतात, आवाज आत येऊ नये म्हणून. कल्पना तीच, कारण उष्णता म्हणजे एका अर्थी फार वरच्या पट्टीतला आवाजच. आणि तिथेच २०१८ मध्ये मॉलीच्या थरांमध्ये लिथियमचे अणू घुसवून, परत काढून, उष्णतेची वाहकता सुमारे दहा पट कमी-जास्त करून दाखवली गेली. म्हणजे उष्णतेची झडपच. विजेच्या बटणासारखी.

मी विचारलं, "ह्याचा उपयोग काय?" म्हणाली, "मोबाइलमधल्या चिपची उष्णता तुमच्या कानाकडे न येता बाजूला जाईल. किंवा शेजारची नाजूक चिप वाचेल." मग चिरोटा खाऊन टाकून म्हणाली, "पण बाबा, एक गोष्ट लोक विसरतात. उष्णता संपत नाही. ती बाजूला जाते. बाजूला काय आहे, हे आधी बघावं लागतं. तिथून तिला नीट वाट नसेल तर तिथलं जळतं. मग आपला थर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही."

ती सहज बोलून गेली. मी त्या रात्री बाल्कनीत उभा राहिलो.

आमच्या इमारतीच्या मागे एक अरुंद गल्ली आहे. साऱ्या फ्लॅटांच्या स्प्लिट एसींची बाहेरची युनिटं त्या गल्लीवर टांगलेली आहेत, आणि गल्लीच्या तळाशी नातूरची खोली. एसी थंडी तयार करतो असं आपण म्हणतो. वास्तविक तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तीन भाग उष्णता उचलायला साधारण एक भाग वीज लागते, आणि त्या विजेचीही शेवटी उष्णताच होते. म्हणजे तीन भाग काढायचे आणि चार भाग बाहेर टाकायचे. ऑगस्टमध्ये रात्री अकरा वाजता, हवेत ओल तरंगत असताना, नातूर त्या गल्लीत खुर्ची टाकून बसलेला असतो. चोवीस फ्लॅटांचे चार-चार भाग त्याच्या डोक्यावर. मी त्याच्याशी रोज सलाम-दुआ करतो, ईदला पाकीट देतो. इतक्या वर्षांत, आणि माझा धंदाच उष्णतेचा असताना, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्याच तासाला फळ्यावर एक तुटक रेषेचा चौकोन काढतात. चौकोनाच्या आत ती प्रणाली, आणि बाहेर उरलेलं सगळं जग तो परिसर. गणित फक्त आतलं करायचं. परिसर इतका मोठा मानायचा की त्यात कितीही उष्णता टाकली तरी त्याचं तापमान बदलत नाही. गणितासाठी ही सोय उत्तम आहे. अडचण एवढीच, की चौकोन काढणारा हात आपला असतो, आणि त्या "परिसरात" माणसं राहतात. ती तुटक रेषा कुठे काढायची, हे ठरवायला कुठलंही समीकरण नाही. आता जे सांगणार आहे ते मी आजवर फक्त बायकोला सांगितलं आहे.

२००६ चा ऑगस्ट. मी एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनियर होतो. थंड लाइनचं काम. पाइपवर फोमचे अर्धगोल बसवायचे, सांधे भरायचे, आणि वर मॅस्टिकचा थर देऊन हवा-पाण्यापासून बंद करायचं. सांधा उघडा राहिला की रात्रीचं दमट वारं आत शिरतं, मग त्या ओलीचा आत बर्फ होतो आणि फोम फुटतो. म्हणून जेवढं बसवलं तेवढं त्याच दिवशी बंद करायचं, असा नियम. नियम चांगला आणि कारणही खरं.

लॅगर मंडळींत एक मामा होते. पंचेचाळिशीचे असतील. गाव उमरगा तालुक्यातलं, जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. आधी एका साखर कारखान्यात स्टीम लाइनला काचेची लोकर गुंडाळायचं काम केलेलं. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, मीसुद्धा. मराठी बोलायला मिळतं म्हणून मी त्यांच्यापाशी जरा जास्त रेंगाळायचो. एकदा माळवदाचा विषय निघाला. लाकडी तुळया, वर काटक्या-पाला, वर हातभर पांढरी माती. मराठवाड्याच्या उन्हात त्याच्यासारखं थंड छप्पर नाही. मी कौतुक करायला लागलो तर मामा म्हणाले, "थंड व्हतं साहेब. पर तेच अंगावर आलं." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि ती बरीचशी जाड दगडी भिंतींखाली आणि ह्या मातीच्या छपरांखाली. मामांची आई त्यातच गेली. नंतर मामांनी हलकं पत्र्याचं घर बांधलं. "आता भ्या नाही," म्हणाले, "पर उन्हाळ्यात दुपारी घरात बसवत नाही." पत्र्याखालचा उकाडा सुसह्य करायला चार पैसे हवेत म्हणून तर ते इथे आले होते.

त्या दिवशी साडेअकराला मामा माझ्याकडे आले. "साहेब, ऊन लई वंगाळ हाय. पोरं दमल्यात. तीननंतर लावू की." दुसऱ्या दिवशी तपासणी होती. उरलेले सांधे अठरा की वीस. तीननंतर लावले असते तर अंधार पडायच्या आत सगळे बंद झाले नसते आणि काही रात्रभर उघडे राहिले असते. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "मामा, आजच बंद करायला हवेत. तासाभराचं तर काम आहे."

मामांनी पोरांना कंटेनरच्या सावलीत बसवलं आणि सांधे स्वतः लावायला घेतले. एकच्या सुमारास ते मचाणावरून खाली उतरले, शिडीला धरून उभे राहिले आणि तिथेच बसले. अंग तापलेलं, घाम थांबलेला, बोलणं असंबद्ध. उष्माघात. चार दिवस रुग्णालयात होते. वाचले. देवाची कृपा, आणि त्या दिवशीच्या परिचारिकांची.

नंतर अहवाल झाला. त्यात कारण लिहिलं होतं, "कामगाराने पुरेसे पाणी प्यायले नाही." खाली तीन सह्या. त्यातली एक माझी.

मी खोटं लिहिलं का? ते वाक्य मी लिहिलं नव्हतं, समोर आलं त्यावर सही केली. मामा पाणी प्यायले होते की नव्हते, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नाही. आणि आज मला जे टोचतं ते आणखी वेगळं आहे. त्या सांध्यांना रात्रीपुरतं प्लास्टिक गुंडाळता आलं असतं. एक रोल, दोन माणसं, अर्धा तास. तपासणी दुपारपर्यंत पुढे ढकलायची चिठ्ठी लिहायचा अधिकार माझा होता. कटकट झाली असती, वरच्यांची बोलणी बसली असती. एवढंच.

ह्यावर स्वतःची समजूत घालायचे अनेक मार्ग मी वापरून पाहिले आहेत. पहिला म्हणजे, मी निमित्तमात्र. घाई मालकाची, त्यांनी ती कंत्राटदाराला दिली, कंत्राटदारानं मला, मी मामांना. मी मधला पाइप. गीतेतला हा शब्द आपण मध्यमवर्गीय किती सोयीनं वापरतो! अर्जुनाला तो शब्द ऐकवला गेला तो त्यानं उभं राहावं म्हणून, आपण तो खाली बसण्यासाठी वापरतो. शिवाय मी नुसता पाइप नव्हतो. माझ्या हाताशी झडप होती. लेकीनं लिथियमची गोष्ट सांगितली तेव्हा मला पहिलं आठवलं ते त्या चिठ्ठीचं पुस्तक.

गंमत अशी, की घाई वरून खाली धो धो येते, पण खालची माहिती वर जात नाही. "पोरं दमल्यात" हे वाक्य माझ्यापाशी येऊन थांबलं. एका दिशेनं उष्णता जास्त आणि उलट दिशेनं कमी जाईल, असा उष्णतेचा डायोड बनवायचा प्रयत्न शास्त्रज्ञ बरीच वर्षं करताहेत, आणि प्रयोगशाळेत ते फार कठीण जातं. कंपन्यांना ते कधीच जमलं आहे.

दुसरी समजूत आमच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर एका मित्रानं घातली. "अरे, तूही नोकरच होतास. तुझाही व्हिसा त्यांच्याच हातात. ते स्वखुशीनं आले, घरं बांधली, पोरं शिकवली. आपण तरी वेगळं काय केलं?" ह्यात तथ्य आहे, आणि ते नाकारणारा मी कोण? मामांच्या मुलाचं शिक्षण ह्याच उन्हातून झालं. इथे येऊन कुणाचं भलं झालंच नाही असं म्हणणं म्हणजे त्या माणसांच्या कष्टांचा अपमान आहे. पण स्वखुशीनं आलेल्या माणसानं ऊन पत्करलेलं असतं. माझी आळशी घाई त्यानं पत्करलेली नसते. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू फार विचार करतोस, उतारी कर."

तिसरी समजूत कायद्याची. २००७ मध्ये इथे मंत्रालयाचा आदेश निघाला, की १५ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी साडेअकरा ते दुपारी तीन, उघड्यावरचं काम बंद. मामांच्या प्रसंगानंतर एका वर्षात. २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. आता १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते साडेतीन. शिवाय वेळ कुठलीही असो, डब्ल्यूबीजीटी ३२.१ अंशांच्या वर गेला की काम थांबवायचं. हा आकडा नुसत्या तापमानाचा नाही. ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरला त्यात ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० आणि साध्या थर्मामीटरला फक्त १० टक्के. कारण माणूस घामानं थंड होतो, आणि हवा दमट असली की घाम वाळत नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांचे आभारच मानायला हवेत. पण मला ठाऊक आहे, की २००६ मध्ये हा नियम असता तर मामा वाचले असते ते नियमामुळे. मी तोच राहिलो असतो.

आणि नोंदींचं काय? २०१९ मध्ये "कार्डिऑलॉजी" ह्या वैद्यकीय नियतकालिकात इथल्या नेपाळी कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००९ ते २०१७ ह्या काळातले हृदयविकाराचे ५७१ मृत्यू त्यांनी तापमानाच्या नोंदींशी ताडून पाहिले. कडक उन्हाळ्याच्या महिन्यांत ते वाढलेले दिसले. त्यातले २०० पर्यंत टाळता आले असते, असा त्यांचा अंदाज. कागदावर मात्र कारण हृदयाचं. मी तो लेख वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दुसराच कागद होता, ज्यावर पाण्याचं कारण होतं. उष्णता कागदावर कुठेच दिसत नाही. आवरण उत्तम बसलं की ती बाहेरून हाताला लागत नाही, हेच तर आम्ही गिऱ्हाइकाला अभिमानानं दाखवतो.

ह्या स्मरणिकेत हे लिहायचं आणखी एक कारण आहे. २००६ च्या त्या ऑगस्टच्या शेवटी आपला गणपती होता. मी तेव्हा सजावट समितीत. मखर कुठलं, मोदक किती, ह्यावर रोज रात्री फोन. मामा नुकतेच कामावर परतले होते, आणि माझ्याशी रोज मराठी बोलत होते. उमरग्याच्या माणसाला गणपती म्हटलं की काय आठवत असेल, हे मला त्यांनी स्वतः सांगितलेलं होतं. तरी "मामा, आरतीला या, मी गाडी पाठवतो," हे शब्द माझ्या तोंडून आले नाहीत. मनात आले आणि मी गिळले असंही नाही. ते आलेच नाहीत. कुणी मना केलं नव्हतं. मंडळाच्या घटनेत तसं काही नाही, उलट "सर्व मराठी भाषक" असंच लिहिलं आहे.

थराच्या आत आपण किती सहज वाहतो पाहा. कुणाच्या घरी आजारपण निघू दे, तासाभरात डबे पोहोचतात. कुणाची नोकरी गेली तर दहा जण त्याचा बायोडेटा फिरवतात. ह्या ऊबेवर तर आपण इथे टिकलो, आणि मला तिच्याबद्दल एक शब्दही वावगा बोलायचा नाही. पण इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पमध्ये मराठी बोलणारे किती आहेत, हे मला माहीत नाही, आणि मी इथे चोवीस वर्षं आहे. भाषा एक, देव एक, विमान एक. फक्त कोन वेगळा. मला वाटायचं थर एकमेकांपासून दूर असतात म्हणून उष्णता जात नाही. लेक म्हणते, ते एकमेकांना टेकलेलेच असतात.

मग मी काय करायला हवं होतं, आणि आज काय करायला हवं? नातूरच्या खोलीसमोरची गल्ली मी रुंद करू शकत नाही. एसीशिवाय ऑगस्टमध्ये राहूही शकत नाही, आणि तसा आव आणणार नाही. इमारतीच्या मालकाशी बोलून, निदान त्याच्या खोलीवरची चार युनिटं गच्चीवर न्यायचा खर्च भाडेकरूंनी वाटून घ्यायचा, एवढं ठरवलं. चोवीसपैकी सतरा जणांनी हो म्हटलं. दोघांनी विचारलं, "त्यानं तक्रार केली का?" नाही, त्यानं केलेली नाही.

मामांचा नंबर मिळवायला तीन आठवडे लागले. जुन्या फोरमनकडून त्याच्या भाच्याकडे, तिथून मामांच्या मुलाकडे. मुलगा आता तिकडेच शिक्षक आहे. त्यानं फोन नेऊन दिला. आवाज थकलेला, पण ओळख पटायला वेळ लागला नाही. "साहेब! कतारवाले साहेब!" इकडच्या तिकडच्या चौकश्या झाल्या. मग मी सांगितलं. त्या दिवशी तुम्ही तीननंतर म्हणाला होतात, मी ऐकलं नाही. आणि नंतर कागदावर असं असं लिहिलं होतं, त्यावर माझी सही आहे.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मला वाटलं लाइन तुटली.

"पानी तर मी पिलो व्हतो की साहेब," मामा म्हणाले. "चांगलं पोटभर. पोरांनी बघितलं व्हतं."

मी म्हटलं, "होय मामा. मी विचारायला हवं होतं."

"व्हय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "ते असू द्या आता. पत्रा अजून तोच हाय. पोरगा म्हणतो स्लॅब टाकू, पर पैसा कुठला. त्याला खालून काय लावावं, ते तेवढं सांगा. तुमचं कामच हाय ते."

मी कागद घेतला. पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात, चुन्यात थोडा फेव्हिकॉल मिसळून, दर उन्हाळ्याआधी. खाली चार बोटं मोकळी हवा सोडून बांबूच्या तट्ट्या, तट्ट्यांवर कडबा नको, आग लागेल. दोन्ही टोकांना, अगदी उंचावर, जाळी बसवायची, म्हणजे मधली तापलेली हवा बाहेर जाईल. मामा मुलाला प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगत होते आणि तो लिहून घेत होता. शेवटी मामांनी विचारलं, "जाळीतनं निघालेली धग शेजारच्याच्या घरात तर जानार नाही न्हवं? त्याची खिडकी ह्याच अंगाला हाय."

मी म्हटलं, मग त्या अंगाची जाळी बंद ठेवा, दुसऱ्या बाजूला मोठी करा. मुलाला भिंतीची मापं पाठवायला सांगितली आहेत.